बुजवलेला कोनाडा

"कुणी ठेवली ती तिथं?"

वहिनींचा पहिला प्रश्न कायम हाच. आधी पदराला दोन्ही हात पुसायच्या, खुर्चीच्या अगदी कडेला टेकायच्या, माउस दोन बोटांत धरायच्या आणि खेळायला लागायच्या. मी मोठ्या हौसेनं लपवलेली चावी पडद्यावर सापडली की माणसाला जरा आनंद व्हायला हवा की नाही? यांना नाही. चावी तशीच सोडून माझ्याकडे वळायच्या आणि चौकशी सुरू. कुणी ठेवली, कशाला ठेवली, आणि ज्यानं ठेवली त्याला ती घाईत हवी झाली असती तर त्यानं काय केलं असतं.

मी व्हिडिओ गेममधली कोडी तयार करते. आमच्या भागात हे कुणाला सांगितलं की समोरचा "बरं, बरं" म्हणतो आणि लग्नाचं काय ठरलं ते विचारतो. चौलला पोफळींच्या वाडीतल्या एका घराच्या वरच्या दोन खोल्यांत आमचं ऑफिस. पुण्याहून इथं येऊन राहिलेला आमचा मालक, चित्रं काढणारी एक मुलगी आणि मी. तिघं मिळून एक भुताचा गेम करत होतो. खाडीकाठच्या गावातलं एक घर, त्यात मेलेली एक बाई, ती घर सोडत नाही. खेळणाऱ्यानं खोल्याखोल्यांतून हिंडायचं, कुलपं उघडायची, वस्तू जुळवायच्या आणि ती कशासाठी अडकून राहिलीय ते शोधून काढायचं. सापडलं की ती सुटते आणि गेम संपतो. ती कशासाठी अडकली आहे हे आमचं आम्हालाच तेव्हा ठरवता आलेलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

वहिनी आमचा दुपारचा डबा आणायच्या. वय पन्नाशीच्या आसपास, हाडापेरानं मजबूत, आणि चेहऱ्यावरून काही म्हणता काही कळायचं नाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हसली तर हसू डोळ्यांपर्यंत पोचत नाही, रागावली तरी आवाज चढत नाही. त्यांच्या नवऱ्याला सगळं गाव दादा म्हणायचं, म्हणून त्या सगळ्या गावाच्या वहिनी. दादा एका सकाळी घरातून गेले ते परत आले नाहीत. वहिनी तेवढ्या राहिल्या.

दादा गवंडी होते. पलीकडे दिघीला एका बंगल्याचं काम मिळालंय, आगरदांड्याहून फेरीनं जातो, असं सांगून निघाले. संध्याकाळी आले नाहीत. दिघीला चौकशी केली तर तिथं असं कुठलं कामच नव्हतं. थापी आणि ओळंबा घरातच खुंटीला होते. कामाला निघालेला गवंडी थापी विसरत नाही, हे पोलिसांना कळलं नाही तरी वहिनींना त्याच दिवशी कळलं. मग गावानं आपापली कारणं लावली. कुणी म्हणालं तिकडे दुसरं घर केलंय, कुणी म्हणालं आखातात गेला, कुणी म्हणालं बुडाला. शेवटी सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं, ते म्हणजे दादा देवमाणूस होता, तेव्हा बायकोनंच काहीतरी केलं असणार. अंगणात येऊन बायका गोड आवाजात विचारायच्या, "भांडण-बिंडण झालं होतं का गं?" अकरा वर्षं विचारत होत्या.

वहिनींना नवरा परत यायला हवा होता असं नाही. त्यांनी मला एकदा भाकरीचं फडकं घडी करता करता सांगितलं, "येऊ नको म्हणावं. का गेलास तेवढं सांग." बाजारातून मीठ आण म्हणावं अशा आवाजात सांगितलं. पण त्यांना आयुष्यात हवं असलेलं हे एवढंच होतं, हे मला तेव्हाही कळलं होतं.

त्या गेमकडे वळल्या त्या आमच्या आळसामुळे. कोडं जमलंय का हे बघायला ते कधीच न पाहिलेला माणूस लागतो, आणि चौलमध्ये दुपारी दोन वाजता असा माणूस म्हणजे रिकाम्या डब्यांसाठी थांबलेल्या वहिनी. मी त्यांना खुर्चीत बसवलं. पहिल्या कोड्यात मी तळघराची चावी तांदळाच्या पिंपाच्या तळाशी लपवली होती. त्यांनी पिंप उपसलं, चावी काढली आणि विचारलं, "ह्या घरात तांदूळ संपत न्हाय का?"

मी म्हटलं, म्हणजे?

म्हणजे असं, की घरात बाई होती. ती रोज तांदूळ काढणार. महिना-दोन महिन्यांत पिंपाचा तळ दिसणार, ती पिंप धुणार, उन्हात वाळवणार. चावी तिला तेव्हाच सापडली असती. लपवणारा बाईमाणूस असेल तर असं करणार नाही, आणि बाप्या असेल तर पहिल्याच दिवशी पकडला जाईल. हे सगळं त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की मला राग यायलाही वेळ मिळाला नाही. तो नंतर आला. चार वर्षं हेच काम करते आहे मी, आणि डबेवाली बाई मला पिंप शिकवते.

दुसऱ्या दिवशी चार समयांचं कोडं ठेवलं. चार कोपऱ्यांतल्या समया ठरावीक क्रमानं लावल्या तर माजघराचं दार उघडतं. माझ्या मते फार सुंदर कोडं होतं. वहिनींनी ते सोडवलं, कारण सोडवण्यात त्या कमी नव्हत्या. मग म्हणाल्या, "रोज असंच दार उघडायचे व्हय? घाईची लागली असली तर?" चित्रं काढणारी मुलगी हसून हसून खाली बसली. मी समया काढून टाकल्या.

तिथून पुढं आमची शाळाच सुरू झाली. लोक वस्तू खरोखर कुठं ठेवतात, हे वहिनी सांगायच्या आणि मी लिहून घ्यायची. चावी चौकटीच्या वरच्या फळीवर. महत्त्वाचा कागद देवाच्या तसबिरीच्या मागे. सोन्याची कुडी हळदीच्या डब्यात, कारण चोर हळदीत हात घालत नाही, हात पिवळा होतो. एकदा मी विचारलं की या सगळ्यामागं काही नियम आहे का. त्यांना नियम वगैरे शब्द आवडला नाही. म्हणाल्या, "आपल्या माणसाला सापडावं आणि परक्याला सापडू नये. दुसरं काय?" मी ते कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. मालकानं त्याचा फोटो काढून कुठल्याशा परिषदेत दाखवला आणि टाळ्या घेतल्या. वहिनींना सांगितलं तर म्हणाल्या, "त्यात टाळ्या कसल्या?"

भुताला त्या घाबरायच्या नाहीत. आमचं भूत जिन्यात उभं राहायचं, केस मोकळे, मान तिरकी. आम्ही तिघांनी त्या मानेवर आठवडा घालवला होता. वहिनींनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि विचारलं, ही उभी का आहे. घरातली बाई वाट बघत कधी उभी राहते का? काम हातात घेते आणि बसते. "वाल सोलायला दे तिला." आम्ही गंमत म्हणून करून पाहिलं. ओसरीच्या पायरीवर पाठमोरी बसलेली बाई, पुढ्यात परात, आणि एक एक वाल सोलून परातीत पडल्याचा बारीक आवाज. पहिल्यांदा चालवलं तेव्हा मालकानं हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि खोलीतून बाहेर गेला. पुढं गेम खेळलेल्या प्रत्येकानं लिहिलं की सगळ्यात भीती त्या पायरीची वाटली.

वहिनींनी मात्र ते पाहून एवढंच म्हटलं, "आता बरी दिसते."

ती कुणाची वाट बघतेय हे त्या दिवशी आपोआप ठरलं. नवऱ्याची. आम्हा तिघांपैकी कुणी हे मोठ्यानं म्हटलं नाही. मी तरी मान्य केलं नाही, की मी समोरच्या बाईचं आयुष्य उचलून घेते आहे. लिहिण्याचं काम करणारी माणसं थोडंफार उचलतातच, अशी मी स्वतःची समजूत घालून ठेवली.

एकदा मी त्यांच्या घरी गेले होते. ऑफिसात बसून घराची चित्रं जमेनात म्हणून. साधं तीन खोल्यांचं घर, मागं विहीर. स्वयंपाकघराच्या भिंतीत चुलीच्या डाव्या हाताला प्लास्टरचा एक चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा वेगळा दिसत होता. मी विचारलं. तिथं कोनाडा होता, वहिनी म्हणाल्या. दादांनी बुजवला. कधी? जायच्या आधी, पंधरा-वीस दिवस.

कोडी करणाऱ्या माणसाला असं काही सांगू नये. गवंडी माणूस, घर सोडून जायच्या पंधरा दिवस आधी स्वतःच्या हातानं कोनाडा विटांनी भरतो, वर प्लास्टर करतो, आणि कुणाला काही न सांगता जातो. थापी मागं ठेवून जातो. मी म्हटलं, वहिनी, का बुजवला?

"मुंग्या यायच्या."

नक्की?

"व्हय. साखरेला लागायच्या. मीच मागं लागले होते, बुजवा बुजवा म्हणून."

मी तिथं थांबायला हवं होतं. मी म्हटलं, पण नुसत्या मुंग्यांसाठी कुणी विटा लावतं का, नुसतं सिमेंट चोपडलं असतं तरी चाललं असतं. वहिनी चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांनी मान वळवून त्या चौकोनाकडे पाहिलं. अकरा वर्षं त्याच्याकडे न बघता स्वयंपाक केला होता. मग मला चहा दिला, मी चहा पिऊन निघाले. वाटेत माझ्या डोक्यात शेवटचं कोडं तयार झालेलं होतं आणि मी खुशीत होते. लाज वाटते, पण होते.

ते कोडं असं. शेवटी खेळणाऱ्याच्या हाती थापी लागते. त्या थापीनं घराच्या भिंती ठोकत जायचं. एका जागी पोकळ आवाज येतो. तिथं प्लास्टर फोडायचं, विटा काढायच्या. आत कोनाडा, कोनाड्यात पत्र्याची डबी, डबीत नवऱ्याची चिठ्ठी. चिठ्ठी मी स्वतः लिहिली, सात वेळा. पहिल्या अर्ध्यात घरातलं साधंसुधं, म्हणजे तू झोपली होतीस म्हणून उठवलं नाही, विहिरीचा दोर बदलून घे, असं. दुसऱ्या अर्ध्यात कारण. आणि वर एक करामत केली होती. मेलेल्या माणसाची शाई ती, वाचता वाचता उडून जायची. किती वेळात उडावी? मी घड्याळ लावून मनाशी चिठ्ठी वाचली आणि तेवढाच वेळ धरला. माझ्या वाचायच्या वेगानं.

वहिनींनी ते कोडं खेळलं तोवर बारावं वर्ष भरत आलं होतं. आमच्याकडे, तुम्हाला माहीत असेल, बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही की दर्भाचा पुतळा करून त्याची क्रिया करतात. त्यानंतर तो मेला असं धरायचं आणि बायकोनं विधवा व्हायचं. दिराच्या मुलीचं लग्न जमत होतं आणि घरात एक माणूस धड जिवंत नाही, धड मेलेला नाही, हे पाहुण्यांना सांगायची पंचाईत होती. गुरुजींना विचारून दिवस ठरवला. वहिनींनाही विचारलं. त्या म्हणाल्या, करा. मला त्यांनी हे डबे उघडता उघडता सांगितलं, आणि वर म्हणाल्या की क्रिया झाल्यावर मग विचारायचं कुणाला राहणार नाही.

त्या दिवशी खेळताना त्यांनी पहिल्यांदाच मला काही विचारलं नाही. थापीनं भिंत ठोकली. पोकळ आवाज आला. विटा काढल्या, डबी उघडली, चिठ्ठी आली. वहिनी पडद्यावर बोट ठेवून एक एक शब्द पुटपुटत वाचायला लागल्या. थोड्या वेळानं शाई उडाली, कागद कोरा झाला. त्यांचं बोट तिथंच राहिलं. बराच वेळ राहिलं. मी मागं उभी होते, मला वाटलं त्यांना भरून आलंय. माझ्या कामाचं याहून मोठं यश कुठलं, असंही वाटलं. मग त्या उठल्या, डबे पिशवीत घातले आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी डबा शेजारीण घेऊन आली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले.

स्वयंपाकघरात विटांचा ढीग होता. भांड्यांवर सिमेंटची धूळ. दीर दारात उभे राहून बोलत होते, आठवड्यावर क्रिया आली, घरात माणसं येणार, आणि हिनं भिंत फोडून ठेवलीय, डोकं फिरलंय हिचं. वहिनी खाली बसून विटा एकीवर एक रचत होत्या. कोनाडा उघडा होता. आत भुसभुशीत माती आणि भिंतीत खोल गेलेलं एक भोक.

"मुंग्यांचंच होतं," त्या मला म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात काही नव्हतं. राग असता तर बरं झालं असतं, मी पाय तरी धरले असते. मी विटा उचलायला वाकले तर म्हणाल्या, राहू दे, कपडे खराब होतील. मी घरी आले. जेवले, झोपले, सकाळी उठले. काहीतरी वाटायला हवं होतं ते वाटतच नव्हतं. ऑफिसात जाऊन मी पहिलं काम केलं ते म्हणजे गेममधली चिठ्ठी काढून टाकली. डबीही काढली. कोनाडा रिकामा ठेवला. मालक म्हणाला, अगं, मग शेवट कसा होणार? मी म्हटलं, होणार नाही. वहिनींना परत कधी ते दिसू नये एवढंच माझ्या डोक्यात होतं.

क्रियेच्या आदल्या दिवशी दुपारी वहिनी आल्या. डबा घेऊनच आल्या. घरात पाहुणे असताना डबा कशाला केलात म्हटलं, तर म्हणाल्या, केलाच होता स्वयंपाक. मग पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "ते शेवटचं लाव जरा."

मला सांगता आलं असतं. मला वाटलं, बंद पडलंय म्हणावं. पण त्या बसल्यासुद्धा. मी लावलं. त्यांनी सगळं बरोबर केलं, एकदाही अडखळल्या नाहीत. भिंत ठोकली, विटा काढल्या. रिकामा कोनाडा समोर आला. त्यांनी माउस इकडे हलवला, तिकडे हलवला. कोनाड्याच्या चारी कोपऱ्यांत नेऊन पाहिला.

"हितंबी न्हाय?"

मी सांगितलं की मी काढली. त्यांना त्रास झाला म्हणून काढली.

"अर्धीच वाचली होती मी," वहिनी म्हणाल्या. "विहिरीच्या दोरापर्यंत. मग ती गेली."

तेव्हा मला कळलं. चौथीपर्यंत शिकलेली बाई, बोट ठेवून वाचणारी. माझ्या वेगानं उडणारी शाई तिच्यासाठी दोरापाशीच उडाली होती. ती पडद्यावर बोट ठेवून बसली होती ते पुढचं येईल म्हणून. सावकाश वाचते हे सांगायची लाज वाटली, म्हणून उठून घरी गेली आणि राहिलेलं अर्धं शोधायला स्वतःची भिंत फोडली. गेममधली चिठ्ठी आपल्या भिंतीत नसते, हे तिला माझ्याइतकंच कळत होतं. तरी फोडली. मुंग्यांवर समाधान मानून ती अकरा वर्षं निभावत होती. नुसत्या मुंग्यांसाठी कुणी विटा लावतं का, हे मी विचारलं होतं.

मी म्हटलं, मला पाठ आहे, सांगू?

"सांग."

मी सांगितलं. त्या पिशवीचे बंद हातात धरून उभ्या होत्या. माझ्यामागं जे लागलंय ते तुझ्यापर्यंत येऊ नये म्हणून जातो आहे, असं त्या चिठ्ठीत होतं. भुताचा गेम, तेव्हा कारणही तसंच. पडद्यावर ते फार चांगलं वाटायचं. दुपारी अडीच वाजता एका बाईच्या तोंडावर म्हणताना ते किती पोकळ आहे हे मला ऐकू येत होतं. शेवटचं वाक्य होतं, तुझी काही चूक नाही. तेही म्हटलं.

"चूक न्हाय असं लिवलंय?"

हो, म्हटलं.

"परत म्हण."

मी परत म्हटलं. वहिनींनी मान हलवली. पिशवी खांद्याला लावली. दारापर्यंत गेल्या, चपला घातल्या, आणि म्हणाल्या, "त्याला एवढं लिवता यायचं न्हाय, बाय." मग जरा थांबून म्हणाल्या की पण चांगलं लिहिलंयस.

क्रिया खाडीवर झाली. बायका तिथं सहसा जात नाहीत. वहिनी गेल्या, म्हणून मीही गेले. गुरुजींनी दर्भाचा माणूस केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. दीर गुरुजींमागून मंत्र म्हणत होते. वहिनी दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या, रडल्या नाहीत. येताना मला हळूच म्हणाल्या, डोकं जरा मोठं झालं होतं. मला हसूही आलं नाही, रडूही आलं नाही. घरी आल्यावर त्यांनी मंगळसूत्र काढून जावेच्या हातात दिलं, रोज डबे देत तसं, आणि हात धुवायला विहिरीवर गेल्या.

पुढच्या महिन्यात, लग्न होऊन माणगावला गेलेली त्यांची मुलगी येऊन त्यांना तिकडे घेऊन गेली. तिच्याकडे लहान बाळ आहे, तिला मदत हवी होती. जाताना त्या ऑफिसात आल्या नाहीत. आमचे दोन रिकामे डबे शेजारणीकडे ठेवून गेल्या, घासून, पालथे. दिरांनी कोनाडा परत बुजवून घेतला.

मी चिठ्ठी गेममध्ये परत ठेवली. शाई उडते ते मात्र काढून टाकलं. आता चिठ्ठी पडद्यावर राहते, वाचणारा आपण होऊन बाजूला करीपर्यंत. मालकाला वाटतं की त्यामुळे शेवट सपाट झाला, आणि त्याचं बरोबर असेल. गेम बाजारात आला तेव्हा मी माणगावला फोन केला. म्हटलं, वहिनी, चिठ्ठी आहे आता, जात नाही, मी लॅपटॉप घेऊन येते, तुम्ही हव्या तेवढ्या वेळा वाचा.

पलीकडे बाळ कुरकुरत होतं. त्यांनी त्याला आधी गप्प केलं.

"नको बाय," त्या म्हणाल्या. "पळून गेलेल्याचं कारण बायकोला विचारतात. मेलेल्याचं कुणी विचारत न्हाय. हितं सगळे म्हणतात, मालक वारले तिचे. बस. मला आता बरं हाय."

मग त्यांनी विचारलं की डबा कोण देतं आता. मी नाव सांगितलं. मीठ जास्त घालते ती, सांग तिला, लाजू नको, म्हणाल्या. मी सांगते म्हटलं. बाळ परत रडायला लागलं आणि त्यांनी फोन ठेवला.

वहिनींना आता कारण नको होतं. त्यांनी ते खाडीवर सोडलं होतं. आणि मी दुपारी त्यांच्या बंद घरावरून जाताना अजून थांबते, त्या माणसानं थापी घरी का ठेवली, दिघीचं खोटं का सांगितलं, याची जुळवाजुळव करते. बारा वर्षं त्या बाईला छळलेला प्रश्न आता मला हवा आहे, आणि तिला फोन करून मी तो परत विचारू शकत नाही.